नग एक, मोहाडी ते चंद्र

माझ्या मोबाइलमध्ये एक नंबर आहे. त्या नंबरवर मी आठ वर्षांत हजारएक वेळा तरी फोन केला असेल आणि समोरच्या माणसानं तो एकदाही उचलला नाही. आता तुम्ही म्हणाल, काय हा उद्धट माणूस! थांबा जरा. आमचं तसं ठरलेलंच होतं. मी फोन लावायचा, एक रिंग वाजली की बंद करायचा. तिकडे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत खुर्चीवर बसलेला एक म्हातारा उठायचा, भिंतीवरच्या पाटीपाशी जायचा आणि माझ्या नावापुढे खडूनं बरोबरची खूण करायचा. नग पोचला.

नग म्हणजे मी.

सगळी मोहाडी त्यांना काकाजी म्हणायची. मी त्यांचा भाडेकरू. तहसील कचेरीत बदली होऊन आलो तेव्हा बायको-मुलांना चंद्रपुरातच ठेवलं होतं, मुलांची शाळा मोडायची नव्हती. मला एक खोली हवी होती. काकाजींच्या घरात तीन खोल्या आणि राहणारा माणूस एक. मी दारात उभा राहिलो तर त्यांनी माझं नाव, गाव, पगार, यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "किती नग?"

"मी एकटाच."

"सामान?"

"एक पेटी, एक वळकटी, एक शेगडी."

"म्हंजे चार," काकाजी म्हणाले. "ये."

चाळीस वर्षं ते एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात होते. ट्रकनं माल पाठवायचा तर जो कागद करावा लागतो त्याला बिल्टी म्हणतात. तिच्या तीन प्रती. एक पाठवणाऱ्याकडे राहते, एक घेणाऱ्याला मिळते, आणि एक मालाबरोबर जाऊन घेणाऱ्याची सही घेऊन परत येते. ती सही आली की माल पोचला. तोवर माल रस्त्यात, मग तो डोळ्यांसमोर का पडलेला असेना. आणि आलेला माल घेणाऱ्यानं वेळेवर उचलला नाही तर त्याला दंड बसतो, त्याला डॅमरेज म्हणतात. तांदळाची पोती, भंडाऱ्याची पितळी भांडी, आंधळगावचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड, नागपुरातून येणारे पंखे, काय काय त्यांच्या हाताखालून गेलं. पुढे कंपनी बंद पडली. ऑफिस पाडून तिथं मोबाइलचं दुकान झालं. काकाजींनी तिथून काळ्या शाईचा डबा, एक कुंचला, कोऱ्या बिल्ट्यांचं अर्धं उरलेलं बुक आणि भिंतीवरची पाटी एवढं घरी आणलं, आणि ऑफिस पुढे चालू ठेवलं.

कुंचल्याचं आधी सांगतो. पार्सलवर बाण काढतात ना, ही बाजू वर म्हणून? काकाजी बाण काढत. कपाटावर बाण. गॅसच्या सिलिंडरवर बाण. माझ्या पेटीवर मी आंघोळीला गेलो असताना बाण. माठावर बाण पाहिला तेव्हा मला राहवेना.

"काकाजी, माठ कोणी उलटा ठेवते का हो?"

"तू आल्यापासून कोनी ठेवला?"

"नाही."

"कारन बाण आहे."

मी मुळातच खोडकर. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या बंडीवर, पाठीवर मधोमध, मी त्याच कुंचल्यानं मोठा बाण काढून ठेवला. त्यांनी ती बंडी घातली, बाजारात गेले, सगळ्या आठवडी बाजारानं ती पाहिली. घरी येऊन मला म्हणाले, "बरोबर काढला. फक्त शाई पातळ होती."

आता पाटी. पाटीच्या डाव्या बाजूला 'निघाले', उजव्या बाजूला 'पोचले'. मोहाडीतून जो कोणी बाहेर जाताना त्यांच्या तावडीत सापडे त्याचं नाव डावीकडे चढे. भाजीवाली तुमसरला निघाली, चढवलं. समोरच्या मास्तरांचा मुलगा पुण्याला निघाला, चढवलं. प्रत्येकाला एकच वाक्य: "पोचला का एक रिंग दे." बहुतेक लोक हो हो म्हणत आणि विसरून जात. माझ्या आधीचा भाडेकरू बदली होऊन गोंदियाला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. काकाजींच्या लेखी तो अजून रस्त्यातच होता. कधी कधी पाटीसमोर उभे राहून म्हणत, "ह्याची गाडी कुठं अडकली काही समजून नाही राहिलं."

मी मात्र इमानदार. एकदाच चाळा केला. भंडाऱ्याला मीटिंगला गेलो आणि तिथून लागोपाठ तीन रिंगा दिल्या. संध्याकाळी परत आलो तर काकाजी फाटकात उभे. "तीन नग पोचले म्हून खबर आली. घरी एकच आला. बाकी दोन कुठं?" आणि चेहऱ्यावर हसू नाही. पुढचे आठ दिवस मला तीन ताटं वाढत होते. दोन झाकून ठेवत.

पाटीच्या अगदी वरच्या ओळीवर, डावीकडे, खडूनं नाही तर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक शब्द होता: कोंढा. त्याच्या पुढे खूण नव्हती. पवनी तालुक्यातलं गाव ते, आमच्याच जिल्ह्यातलं. मला वाटलं, जुन्या ट्रकचा रूट असेल. मी विचारलं नाही.

रविवारचा दिवस त्यांना फार जड जाई. रविवारी मोहाडीतून कोणी कुठे जात नाही, पाटी तशीच. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत.

"आंबागडले जाऊन ये ना, बाबू."

"कायले?"

"असंच. किल्ला पाहून ये. पोचला का रिंग दे."

सुरुवातीला मी हसत असे. नंतर नंतर जाऊ लागलो. आंबागडचा किल्ला मी इतक्या वेळा पाहिला आहे की तिथल्या माकडांनी मला ओळखावं. टेकडीखाली उभं राहून रिंग द्यायची, आणि तिकडे एका रिकाम्या घरात फोन वाजेल, म्हातारा मान थोडी कलती करून ऐकेल, उठेल, या विचारानं मला आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटे.

अशाच एका रविवारी मी ओसरीत पेपर वाचत होतो. बातमी अशी होती की परदेशातल्या खासगी कंपन्या आता चंद्रावर माल पोचवून देतात. मोठमोठी यंत्रं तर नेतातच, पण त्यातल्या एका कंपनीनं साध्या माणसांसाठीही सोय काढली होती. पैसे भरा, लहानशी वस्तू पाठवा, ती यानातून जाऊन चंद्रावर कायमची राहील. मी दिवाळीनंतर मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेतल्या, नाटकांत खलनायक करतो, त्यामुळे आवाज तयार. मी ती बातमी हात वगैरे करून अशी काही वाचली की वाटलं, म्हातारा आता पोट धरून हसणार.

त्यांनी कप खाली ठेवला. "प्रायवेट कंपनी?"

"हो."

"गाडी रिटर्न येते का रिकामी?"

"येतच नाही परत. तिथंच राहते."

"अन् ड्रायवर?"

"ड्रायवर नाही."

"हमाल?"

"काकाजी, चंद्रावर कोणी राहत नाही."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मंग सही कोन करते?"

तो प्रश्न आठवडाभर घरात फिरत होता. जेवताना, दात घासताना, मी कचेरीला निघालो की फाटकापर्यंत. एवढ्या लांब माल न्यायचा आणि तिथं उतरवून घ्यायला कोणी नाही, हे त्यांना कसंतरीच वाटत होतं. आणि पुढच्या रविवारी, मी आंबागडला निघायच्या तयारीत असताना, म्हणाले, "बाबू, मले एक नग पाठवाचा आहे."

मला वाटलं गंमत. गंमत नव्हती. फॉर्म माझ्या मोबाइलवर भरला. काय चालत नाही त्याची यादी होती: पातळ पदार्थ, बॅटरी, चुंबक, जिवंत काहीही. काकाजी खूश झाले. "नियम आहेत म्हंजे कंपनी चांगली आहे." समोरच्या मास्तरांना बातमी लागली. हे झेडपी शाळेतून निवृत्त झालेले, विज्ञान शिकवलेले, घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी सूर्यमाला. ते म्हणाले, आपल्या मोहाडीच्या धानाचा एक दाणा पाठवा, इतिहास होईल. काकाजींनी यादीवर बोट ठेवलं: "जिवंत चालत नाही, मास्तर. दाना उगवला म्हंजे राखन कोन करन?"

मग आतून एक फडक्याची गाठ घेऊन आले. सोडली. आत चांदीचं एक जोडवं होतं, बायका पायाच्या बोटात घालतात ते. एकच. झिजून एका बाजूनं पातळ झालेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोनाराच्या काट्यावर वजन केलं. कंपनीनं सांगितलेल्या मापाची डबी काडेपेटीहून लहान. त्यात कापूस, कोशाच्या कापडाची चिंधी, वर जोडवं, परत चिंधी. मी पुष्कळ लोकांना पुष्कळ गोष्टी बांधताना पाहिलं आहे, पण असं कोणी बांधलेलं पाहिलं नाही. शेवटी सुईचं टोक शाईत बुडवून त्यांनी डबीवर तांदळाएवढा बाण काढला.

"अन् बिल्टी?" त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि ते जुनं बुक काढलं. मधे कार्बन घातला. कोठून: मोहाडी. कोठे: चंद्र. नग: एक. जोखीम: मालकाची. घेणाऱ्याचं नाव या रकान्यापाशी पेन थांबलं. मी म्हटलं, मास्तरांचं लिहा, त्यांना हौस आहे. ते ऐकतच नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं: सेल्फ.

"म्हणजे तुम्हीच घेणार?"

"तसं नसते. घेनाऱ्याचं नाव ठरलं नसलं का सेल्फ लिहितात. मंग ज्याच्या हाती ही बिल्टी असन, त्याचा माल."

डबी नागपूरला कुरिअरवाल्याकडे मीच घेऊन गेलो. मी फाटकातून निघालो तेव्हा मास्तर आपल्या दारातून ओरडले, "वा काकाजी! चंद्रावर माल पाठवून राहिले! अन् कोंढ्याले चाळीस वर्सांत एक पोस्टकार्ड नाही टाकलं तुमी!"

काकाजी आत गेले. मी मास्तरांच्या दाराशी गेलो.

"कोंढ्याला कोण आहे?"

"तुले माहीत नाही?" मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "बायको. लग्न झालं, दोन वर्सं राहिली. भावाच्या लग्नाले म्हून माहेरी गेली. ह्यायनं बसमंधी बसवून देली अन् म्हनलं, पोचली का चिठ्ठी टाकजो. चिठ्ठी आली नाही. हे गेले नाही. संपलं."

"भांडण झालं होतं?"

"भांडन असतं तर मिटलं असतं, बाप्पा."

त्या वर्षीच्या मंडईत आमचं नाटक कोंढ्याच्या जवळच्या एका गावात लागलं. आता मी खलनायक, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं हा माझा धर्म. सकाळच्याच बसनं मी कोंढ्याला उतरलो, खोटी मिशी खिशात, आणि विचारत विचारत त्या घरी पोचलो. ओसरीत एक उंच, वाळकी बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं, मोहाडीहून आलो, काकाजींचा भाडेकरू. सुपातला हात थांबला.

"बरे आहेत?"

"बरे आहेत."

"मंग बस." भाच्याच्या बायकोला हाक मारून तिनं पाणी आणवलं. तिला काकू म्हणावं की मावशी, मला कळेना. काकू म्हटलं. तिनं एकदा वर पाहिलं, पण हरकत घेतली नाही.

"काकू, तुम्ही चिठ्ठी का टाकली नाही?"

"मले लिहिता येत होतं काय तवा? भावाले सांगतो तर साऱ्या घरानं वाचली असती." चार खडे तिनं सुपातून काढून फेकले. "अन् चिठ्ठी कायले पाह्यजे? बाई माहेरी गेली का नवरा घ्याले येते. साऱ्यायचे येतात. मी वाट पाह्यली. मोहाडीकडची बस आली का इथंच येऊन बसो."

"किती दिवस?"

"ते बस बंद होयेपर्यंत."

मी आयुष्यात फार वेळा गप्प बसलेलो नाही. तिथं बसलो. मोहाडीत एक माणूस माल पोचल्याची खबर येईल म्हणून बसला होता. कोंढ्यात माल, घेणारा येईल म्हणून बसला होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या दिवसाचा रस्ता होता.

"माहं एक जोडवं राहिलं होतं तिथं," ती एकदम म्हणाली. "न्हानीजवळ. दुसरं आहे माह्यापाशी. ते असन काय त्यायच्यापाशी?"

"होतं. म्हणजे आहे. पण ते बाहेरगावी पाठवलंय."

"कोनाले?"

"कोणाला नाही. चंद्रावर."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नाटकातला होय काय तू?"

"हो."

"मंग बरोबर."

पण मग मी तिला सगळं सांगितलं, डबी, कापूस, बिल्टी, सेल्फ. ती तांदूळ निवडत ऐकत होती. उठताना तिनं विचारलं, "ते अजून बाण काढतात काय?"

"माठावरसुद्धा."

"माह्या जेवाच्या पाटावर काढला होता," ती म्हणाली. "मी उलटी बसन म्हून."

मोहाडीला परत आल्यावर मी काकाजींना एक शब्द न गाळता सांगितलं. ते पाटीसमोर उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "खबर आली नाही ना पन. खबर आल्याबिगर कसं जाव?"

"काकाजी, ती काय पोतं आहे?" मी ओरडलो. माझा तो आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. घरात तो फारच मोठा वाटला. काकाजी दोन दिवस बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले ते माठातलं पाणी, वीज, भाजी असलं. कोंढ्याचं नाव कोणी काढलं नाही.

यान निघालं आणि उतरायचा दिवस आला. दुपारची वेळ होती. मास्तर आले, मी सुट्टी टाकली, मोबाइल खाटेवर उशीला टेकवून ठेवला. बाहेर तलावाच्या बांधावर अर्धा चंद्र दिवसाच उगवलेला, पांढरा, धुतलेल्या कपड्यासारखा. यान उतरलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग बराच वेळ कंपनीचे लोक काही बोलेनात. मग बोलले. मास्तरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" काकाजींनी विचारलं.

"पोचलं. पन उतरताना कलंडलं म्हने. आडवं पडलं आहे."

"आडवं?"

"आडवं."

काकाजी उठून उभे राहिले. "बाण नव्हता काढला काय त्यायनं?"

मास्तर आणि मी हसून हसून लोळलो. डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसून पाहतो तर काकाजी अंगणात उभे, मान एका बाजूला कलती करून चंद्राकडे बघताहेत. "माह्या नगावर बाण आहे," ते म्हणाले. "तो आता आडवा असन."

पुढे कंपनीचा ईमेल आला. आपली वस्तू चंद्रावर पोचली आहे, अभिनंदन. सोबत रंगीत प्रमाणपत्र. मी त्याची छापील प्रत काढून आणली. काकाजींनी ती उलटी केली, सुलटी केली.

"सही कुठं आहे?"

"ही काय खाली, कंपनीच्या साहेबाची."

"हे तर नेनाऱ्याची झाली." ते चिडलेच. "नेनारा म्हनते पोचला, पाठवनारा म्हनते पोचला, त्याले काय अर्थ आहे? खबरीची वाट पाहत बसन तर बसूनच राहीन. ज्याचा माल आहे त्याच्यापाशी जाव लागते, बिल्टी देऊन सही घ्याव..."

आणि बोलता बोलता ते थांबले. कागद हातात तसाच. मी काही बोललो नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून तयार. खिशात बिल्टी. "बाबू, पाटीवर लिही."

"कोणाचं?"

"माहं."

सहा वर्षांत त्या पाटीवर त्यांचं नाव मी कधी पाहिलं नव्हतं. मी 'निघाले'खाली लिहिलं: काकाजी. त्यांनी अक्षर तपासलं आणि बसस्टँडकडे चालू लागले. पाठीवर, बंडीच्या कापडावर, माझा तो जुना बाण अजून पुसट दिसत होता.

दुपारी कचेरीत माझा फोन वाजला. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी उचलला.

"उचलला काहून बे?" पलीकडून खेकसले.

"चुकून, काकाजी!"

"पोचलो," ते म्हणाले, आणि बंद केला.

संध्याकाळच्या बसनं परत आले. एकटेच. खुर्चीत बसून त्यांनी खिशातून परतीची प्रत काढली. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी मोठमोठ्या, थांबत थांबत काढलेल्या अक्षरांत एक नाव होतं.

"बचत गटात सही शिकली ते," काकाजी म्हणाले. "बिल्टी तिच्यापाशी ठेवली. माल तिचा झाला."

"आणि काकू?"

"म्हनलो, चाल घरी. ते म्हने, माल वेळेवर नाही उचलला का डॅमरेज लागते, तुमीच सांगत होते मले." ते थोडे हसले. "तवाचं आठवते तिले. मी रोज संध्याकाळी सांगत होतो, आज काय आलं, काय गेलं, कोनाले डॅमरेज लागलं."

"मग?"

"मंग काय. बरोबर आहे तिचं."

ते खुर्चीवर चढले. मी खुर्ची धरून ठेवली. पाटीच्या अगदी वरच्या ओळीवर, कोंढा या शब्दापुढे, त्यांनी खडूनं बरोबरची खूण केली. खाली उतरले, हात झटकले, आणि विचारलं, "जेवला काय?"

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली, चंद्रपूरलाच, घरी. मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. माझी पेटी, वळकटी, शेगडी मोजली. "चार नग," म्हणाले. "पोचला का एक रिंग दे." मी दिली. आणि मग सवयच लागली. दौऱ्यावर गेलो, नाटकाला गेलो, सासुरवाडीला गेलो, पोचल्याबरोबर मोहाडीला एक रिंग. बायको म्हणायची, कोण आहे ही? मी म्हणायचो, ऑफिस.

यंदा पोळ्यानंतर एका दुपारी एका गावी पंचनाम्याला गेलो. जीपमधून उतरलो, रिंग दिली.

फोन उचलला गेला.

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मग बाईचा आवाज आला, "नाटकातला होय काय तू?"

"हो, काकू."

"पोचला काय?"

"पोचलो."

"बरं झालं." मग, "ते गेले. सोमवारी. मास्तरनं खबर देली होती ताप आहे म्हून, तर मी पंधरा दिवस आदीच आली इथं."

"घ्यायला कोण आलं होतं?"

"कोनी नाही. माही मीच आली."

मी झाडाला टेकून उभा राहिलो.

"त्यायनं सांगून ठेवलं होतं मले," ती म्हणाली. "फोन वाजला का उचलाचा नाही, उठून खून कराची. दोन रोज केली मी. मंग वाटलं, मी खूनच करत राहिली तर ह्याले समजन कसं?"

इतक्या नाटकांत मेलेला माणूस मी, पण एक वाक्य सुचेना. शेवटी विचारलं, "बिल्टी आहे का तुमच्यापाशी?"

"आहे ना. चांद आज दिवसाच दिसून राहिला, तलावावर. नग आडवा पडलेला असन तिथं कुठी तरी." मग आवाज पुन्हा व्यवहारी झाला. "उद्याच्या बसनं कोंढ्याले जाऊन राहिली मी. पोचली का एक रिंग देईन. उचलजो नोको."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत मोबाइल समोर ठेवून बसलो. शिपायानं दोनदा विचारलं, साहेब, कोणाची वाट पाहून राहिले? चार वाजायला आले तेव्हा फोन वाजला. एकदाच वाजला, आणि थांबला.

मी उचलला नाही. खिशातली पेन्सिल काढली आणि समोरच्या भिंतीवर बरोबरची खूण केली. सरकारी भिंत आहे. असू दे.